दाजी, खाली वाकू नका

ती केस अजून डोक्यातून जात न्हाई. नोकरीतलं शेवटचं वर्ष होतं. मी सातवी पास माणूस. शिपाई म्हणून लागलो, फौजदार म्हणून उतरलो. जमेल तसं लिहितो. नावं कुणाचीच देत नाही.

लातूरच्या एमआयडीसीत एक तेलगिरणी. सोयाबीन वाहणाऱ्या पट्ट्यात अडकून एक कामगार मेला. त्याच्या बायकोनं ठाण्यात येऊन फिर्याद दिली, ती सख्ख्या भावाविरुद्ध. भाऊ त्याच पट्ट्यावर ऑपरेटर होता. माणसं मूळची लोहा तालुक्यातली. भावानंच दाजीला गिरणीत लावलं होतं.

"पट्ट्याच्या कडेनं दोरी हाय. ओढली की पट्टा थांबतो. यानं ओढलीच न्हाई. मॅनेजर म्हनला, हा बाहेर तंबाखू मळत हुबा होता," बाई सांगत होती. रडत नव्हती. न रडणारं माणूस मला नेहमी जास्त अवघड जातं.

पंचनाम्याला दोरी ओढून बघितली. पट्टा थांबला. हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल केला, भावाला ताब्यात घेतलं. कागदावर केस सरळ होती.

गेटसमोर चहा विकणाऱ्या मावशीनं कप देता देता खालच्या आवाजात सांगितलं, "सायेब, त्या दोरीची वायर नवी कोरी हाय बगा. तुमची गाडी यायच्या आधी वायरमन आत गेलता."

मी दोरी बघितली होती, वायर बघितली नव्हती. चूक माझी. परत जाऊन बघितलं. वायर नवी कोरी होती, म्हणजे अपघातानंतर बदललेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाला समोर बसवलं. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. पाणी दिलं आणि विचारलं, "दोरी ओढली का?"

"ओढली. थांबला न्हाई. मग मेन स्विचकडं पळालो."

"दोरी बंद हाय हे माहीत होतं?"

"हाव."

"मग आधीच स्विचकडं का न्हाई गेलास?"

त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "हात आधी दोरीवरच जातो, सायेब."

खोटं बोलणारा स्वतःला गोत्यात आणणारं उत्तर देत नाही. एवढं मला नोकरीनं शिकवलंय. मी विचारलं, "बंद होती तर तक्रार का केली न्हाईस?"

"लिव्हलंय की. पाळीच्या वहीत. लई बार लिव्हलंय."

मॅनेजरच्या खोलीत गेलो. गार हवा, काचेचं टेबल. तो मुळीच घाबरला नाही. कंपनीनं स्वतःपुरतं एआय बसवलं होतं. जुने कागद स्कॅन करून त्याला वाचायला दिलेले, मराठीत विचारलं की मराठीत सांगायचं. उदगीरची एक इंजिनिअर मुलगी ते सांभाळायची.

"बाहेरच्या इंटरनेटला जोडलेलं नाही, साहेब. घरचं घरात. विचारा काय विचारायचं ते."

विचारलं. उत्तर आलं: तीन वर्षांच्या वह्यांत दोरीबद्दल एकही तक्रार नाही, प्रत्येक पाळीच्या शेवटी 'सर्व ठीक'.

"बघा," मॅनेजर म्हणाला, "मशीन कशाला खोटं बोलेल?"

मशीन खोटं बोलत नव्हतं. पण तीन वर्षं रोज सर्व ठीक कुणाचं असतं? शिपाई असताना मीही ठाण्याच्या वहीत तसंच लिहायचो. साहेब तपासणीला येणार, म्हणून पानाच्या पुढं सर्व ठीक. आणि पुढच्या ड्युटीवाल्यासाठी मागं, पेन्सिलीनं: 'कोठडीची कडी नीट लागत न्हाई, ध्यान ठेव.'

मी त्या मुलीला विचारलं, "पोरी, पानांची मागची बाजू दिलीस का याला वाचायला?"

ती गोंधळली. "स्कॅन दोन्ही बाजूंचं आहे, सर. पण मागचं कच्चं समजून वगळलं."

"अहो, मागं काय असतंय?" मॅनेजर म्हणाला. "चित्रं आणि सुपरवायझरला शिव्या."

"मला शिव्याच वाचायच्यात."

दुपारच्या चहापर्यंत यंत्रानं ती सगळी पानं वाचली. दोरीची एकोणीस पानं काढून दिली. दोन पानांवरचं अक्षर त्यानं चुकीचं लावलं होतं, ती बाजूला काढली. मग दोन पंच घेऊन गोदामात गेलो, मूळ वह्या शोधून जप्त केल्या. यंत्रानं सांगितलं म्हणून कोर्टात भागत नाही, वही टेबलावर ठेवावी लागते.

एका पानामागं, दोघांच्या पाळ्या वेगळ्या होत्या तेव्हा, ऑपरेटरनं पुढच्या पाळीवर येणाऱ्या दाजीसाठी लिहिलं होतं: 'दोरी ओढली तरी पट्टा थांबत न्हाई. दाजी, खाली वाकू नका.'

त्याखाली दुसऱ्या अक्षरात: 'हाव, बघितलं. फिटर म्हणतो सीझन संपू दे. तू बी जपून.'

बहिणीला ठाण्यात बोलावलं. आठवीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून ठेवून तिनं वाचलं.

"हे यांचंच अक्षर," ती म्हणाली. मग, "माहीत असून वाकले?"

मी सांगितलं, "सोयाबीन तुंबलं की वाकावंच लागायचं. पट्टा बंद केला की सुपरवायझर अंगावर यायचा."

भाऊ बाहेर बाकावर खाली मान घालून बसला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, सकाळपासून काही खाल्लंस का?"

तेव्हा तो रडला. मी डायरीत डोकं घातलं, उगाच काहीतरी लिहीत बसलो.

पुढं ऑपरेटर साक्षीदार झाला. मॅनेजर आणि सुपरवायझर आरोपी झाले. केस कोर्टात आहे.

लोक विचारतात, या केसनं काय शिकवलं. समोर 'सर्व ठीक' दिसलं की पान उलटावं, हे शिकवलं. पण ते मी गिरणीत उलटलं, घरात न्हाई. निवृत्तीला वर्ष व्हायच्या आत आमची बायको गेली. छातीच्या दुखण्यानं गेली. कधी विचारलं तर म्हणायची, "मला काय झालंय? तुम्ही जा ड्युटीला."

स्वयंपाकघरात तिचं कॅलेंडर होतं, माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातलं. दुधाचे खाडे, गॅसची तारीख ती त्यावर मांडायची. भिंत रंगवायची म्हणून काढलं तेव्हा जानेवारीचं पान उलटं झालं. मागं तिचं अक्षर होतं: 'डावा हात जड पडतो. यांना सांगायचं, पण बंदोबस्त हाय.'

बाराच पानं असतात कॅलेंडरला. नऊ वाचून झाली. तीन अजून उलटली न्हाईत.