नुकसान कुणी सांगायचं

सरांनी सरस्वतीच्या फोटोपुढची जळती उदबत्ती काढली आन् माझ्या बाकाच्या फटीत आणून खोचली. हात झटकले. म्हणाले, "हं. आता शिकवता येईल."

सगळा क्लास हसला. माझ्या शेजारची पोरगी तर आदल्या दिवशीच उठून मागं गेलती. मी मान खाली घातली. राख वहीवर पडली, ती झटकली बी न्हाई.

बीडमधला क्लास. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा. आमी धनगर, सिरसाळ्याकडचे. उन्हाळ्यात लोकांच्या रानात मेंढरं बसवतो. रातभर मेंढरं बसली की लेंड्यांचं खत होतं, रानवाला खूश. सरांचं रान शहराबाहेरच व्हतं. त्यांनीच आबाला, माझ्या बापाला, बोलावून घेतलं. ठरलं असं, की मेंढरं सरांच्या रानात बसायची आन् त्याच्या बदल्यात मी सरांच्या क्लासात बसायची. आबा लई खूश झालता. म्हणाला, "बाई, आता मागं बघू नगं."

म्हंजे तिथंच मेंढरांजवळ झोपून माझ्या अंगाला जो वास येत व्हता, तो सरांच्याच रानातला. रानात चालतो, क्लासात चालत न्हाई! पण हे तवा सुचलं न्हाई. तवा मी काय केलं? अंग घासलं. पहाटं उठून, कातडं लाल होईस्तोवर घासलं. आई म्हणाली, "अगं, खरूज झाली का काय तुला?" मी सांगितलं न्हाई. कपडे मेंढरांचा वास धरू नयेत म्हणून लिंबाच्या वरच्या फांदीला टांगले. तरी रोज उदबत्ती. पुढं पुढं सरांना सांगायची बी गरज राहिली न्हाई. मी आले की कुणीतरी पोरगा उठायचा, उदबत्ती लावायचा, माझ्यापुढं हात जोडायचा. मग सगळे खिदळायचे.

एक दिवस मी ती विझवली. चिमटीत धरून. बोट भाजलं.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. रानातून आबालाबी बोलावून घेतलं. सर चिडले न्हाईत. चिडले असते तर बरं झालं असतं. खुर्ची दिली न्हाई, पण समजावत व्हते.

"हे बघ बाळा, तुला कुणी मारलं का?"

"न्हाई."

"शिवी दिली? बाहेर काढलं? शिकवायचं थांबवलं?"

"न्हाई."

"मग तुझं नुकसान काय झालं, ते सांग. उदबत्तीनं कुणाचं नुकसान होतं का?"

वळ न्हाई, जखम न्हाई, बोटबी माझं मीच भाजलेलं, दाखवू काय? आन् शेजारी आबा हात जोडून उभा. "चुकलं पोरीचं, सर," म्हणाला.

ते जोडलेले हात बघितले आन् माझं डोकं फिरलं. लहानपणापासून बघत आलेय मी ते हात. मेंढरू कुणाच्या उभ्या पिकात शिरलं की आबा अस्साच उभा राहतो. नुकसान किती, ते रानवाला सांगतो. आमी कधी म्हणलो का, की बाबा, चार पानं तर खाल्ली, परत फुटतील, तुझं काय बिघडलं? म्हणून तर बघा, टाळकं फोडतील. ज्याचं पीक खाल्लं गेलं, त्यानं सांगायचं. खाणाऱ्याच्या मालकानं ऐकायचं. मग माझ्याच बाबतीत उलटं कावून?

मी बोलले. "सर, ह्या वेळी मेंढरू तुमचं शिरलंय. नुकसान मी सांगणार."

सर हसले. "भाषण चांगलं करतेस. बसायचं तर उदबत्ती राहील. नाहीतर बघा तुमचं तुम्ही."

बाहेर आल्यावर मी म्हणलं, "आबा, मेंढरं उठवा."

"कावून? शिकायचं न्हाई का तुला?"

"शिकायचं हाय. असं न्हाई."

आबानं मला रानापर्यंत शिव्या घातल्या. मी मेंढरांभोवतीची जाळी उपसायला लागले, एकटीच. मग दुसऱ्या टोकाच्या मेखा आबानं उपटल्या.

त्या साली माझा नंबर लागला न्हाई. भावकी म्हणाली, "उदबत्तीनं काय गेलं व्हतं गं? तुझ्या नाकावरच्या रागानं वर्ष घालवलं." लई ऐकलं. लई रडले. पण ते वर्ष मी माझ्या हातानं दिलं. सरांनी घेतलं ते मला न विचारता घेतलं. त्या दिवसांत आईनं जवळ घेतलं तरी मी अंग चोरायचे, कारण तिलाबी तोच वास. आईची शिसारी आली मला, सख्ख्या आईची! ह्याला नुकसान म्हणायचं न्हाई तर कशाला म्हणायचं?

पुढल्या साली घरीच अभ्यास केला, नंबर लागला. आता शिकतेय. परवा बीडच्या स्टँडवर सर भेटले. तोंडभर हसून म्हणाले, "वा! झालं की तुझं चांगलं. म्हणजे तेव्हा तसं काही वाईट झालं नव्हतं ना?"

"झालं व्हतं," मी म्हणलं. "तुमी केलं व्हतं."

हळू बोलले न्हाई. माणसं वळून बघायला लागली. सरांनी इकडंतिकडं बघितलं, मोबाईल कानाला लावला. माझी गाडी लागलती. मी चढले न्हाई. तिथंच उभं राहून सगळं सांगितलं, पहिल्यापासून, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

उद्या मी नर्स होईन. आणखी मोठीबी होईन. पण माझं भलं झालं म्हणून ह्यांचं माफ झालं, असं मी कुणाच्या बापाला म्हणू देणार न्हाई.