माझा शंख आणि खालच्या खुर्च्या

आमच्या घरात काहीही गाता-वाजवता न येणारे दोघेच: मी आणि फ्रिज. त्यातला फ्रिज निदान गुणगुणतो तरी.

सासरे, म्हणजे आप्पा, इथे हैदराबादला नामपल्लीच्या कोर्टात जन्मभर वकिली करून आता पेटी वाजवतात. नवरा, सुधीर, तबला वाजवतो (तबल्यावर, जेवणाच्या टेबलावर आणि माझ्या डोक्यात). मुलगी गाते. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत ही तिघं दरवर्षी स्टेजवर असतात आणि मी दारात. चपलांपाशी! आत आरतीचा गजर चाललेला असतो आणि मी बाहेर कोणाच्या कोल्हापुरीची जोडी कुठे गेली ते शोधत असते. गेल्या वर्षी तर माझ्या डोळ्यांदेखत खुद्द अध्यक्षांच्या नव्या चपला गेल्या. तेव्हापासून तेही काम हातचं जातंय अशी लक्षणं दिसायला लागली होती. मला फार लागलं ते. पंचावन्न वर्षांची बाई, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, आणि आपल्याच मंडळाच्या गणपतीत चपलांनासुद्धा पुरी पडत नाही?

एके दिवशी जेवताना मी जाहीर केलं, "यंदा मीही वाजवणार."

"काय वाजवणार?" सुधीरने विचारलं.

"जे सोपं असेल ते."

"सोपं असं वाद्य नसतं गं."

"तुला येतं म्हणजे असणारच."

आप्पांना ठसका लागला. तो वरणाचा होता की हसण्याचा, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

आधी बासरी आणली. तारा नाहीत, पट्ट्या नाहीत, नुसती फुंकायची. आठवडाभर फुंकली. आप्पा म्हणाले, "सूनबाई, पंखा जरा कमी कर, वारा लागतोय." मग टाळ धरले. टाळात सूर नसतो, पण ताल असतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! माझ्या टाळाने आरती अशी धावत सुटली की सुधीरने तबला थांबवून कपाळाला हात लावला. शेवटी वाद्यांच्या दुकानात जाऊन सरळ विचारलं, सगळ्यांत सोपं काय आहे? दुकानदारांनी चष्म्यावरून मला नीट पाहिलं आणि म्हणाले, "अम्मा, आसान होना तो रेडियो ले लेओ. बटन दबाए, बजा. सीखने की झंझटच नक्को."

त्या रागात मी घरी आले, देवासमोर उभी राहिले आणि समोर दिसला शंख. ना पट्ट्या, ना ताल. एकच सूर! चुकायला दुसरा सूरच नाही! मी तो उचलला आणि जीव एकवटून फुंकला.

"अगं, तो पूजेचा आहे," सुधीर म्हणाला. "त्याला भोकच नसतं."

मग गौलीगुड्याच्या बाजारात जाऊन वाजवायचा शंख आणला आणि रियाझ सुरू झाला. रोज सकाळी गॅलरीत. गाल दुखले, कान बंद झाले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण शंखातून फक्त फुस्स! कुकरची शिटी खराब झाल्यासारखं. घरच्यांनी सहन केलं. आप्पांनी मात्र एका संध्याकाळी हात जोडले. "बस झालं आता, सूनबाई. सोड." आणि कानातलं यंत्र काढून ठेवलं ते ठेवलंच. त्यात त्यांना सर्दी झाली, म्हणून दोन दिवस त्यांचं खाली फिरायला जाणंही बंद होतं.

हे सगळं लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

तो रविवार होता. सुधीर भाजीला गेला होता, मुलगी झोपली होती, आप्पा आंघोळीला गेले होते. मी गॅलरीत उभी राहून फुंकला आणि काय सांगू! भोंऽऽऽ! खोल, गंभीर, लांबलचक! अंगावर काटा आला. इतका आनंद मला बीएडचा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता. पुन्हा लागतो की नाही या धास्तीने मी थोडं थांबून पुन्हा फुंकला. पुन्हा लागला! मग काय, थांबायची, फुंकायची. थांबायची, फुंकायची. आमचं सगळं हिमायतनगर ऐकू दे म्हटलं.

हिमायतनगरने ऐकलं.

दारावरची बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या लक्ष्मीगारू (म्हणजे आपल्याकडच्या लक्ष्मीबाई) उभ्या होत्या. केस ओले, डोळे भरलेले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"कब हुआ, वदिना?" वदिना म्हणजे त्यांच्या तेलुगूत वहिनी.

मला भरून आलं. माझ्या सुराची एवढी कदर!

"अब्बीच हुआ!" मी म्हटलं. "कितने दिन से कोशिश कर रही थी मैं!"

लक्ष्मीगारूंनी हात सोडले आणि एक पाऊल मागे सरकल्या.

"बहुत तकलीफ हुई?"

"बहुत! आप्पा तो हाथ जोड़के बोले, बस झालं आता, सोड."

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हुंदका दिला. तोपर्यंत जिन्यात आणखी माणसं जमली होती. कोणी मला खुर्चीवर बसवलं, कोणी पाणी दिलं. शेजारधर्म म्हणजे काय असतो ते मी त्या दिवशी पाहिलं. शंख शिकणाऱ्या बाईसाठी एवढं कोण करतं? मी गॅलरीतून खाली वाकून पाहिलं, तर आवारात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडणं चाललं होतं. एकाच्या हातात हार होता. आणि हार चांगला जाडजूड होता.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आपल्याकडे शंख म्हणजे आरती. पण इथल्या बऱ्याच तेलुगू घरांत माणूस गेला की अंत्ययात्रेच्या पुढे शंख वाजवणारा चालतो. थांबून थांबून वाजवतो. त्याच गॅलरीतून अशा किती यात्रा मी पाहिल्या होत्या, हात जोडले होते! आता दोन दिवस न दिसलेले ऐंशी वर्षांचे आप्पा, आणि सकाळी सकाळी त्यांच्या गॅलरीतून शंख. बिल्डिंगने दुसरं काय समजायचं?

मी तोंड उघडणार तेवढ्यात अध्यक्ष जिना चढून आले. (बातमी मंडळाच्या ग्रुपवरही पोहोचली होती.) पायात साध्या रबरी चपला. त्यांनी सगळ्यांकडे वळून गंभीरपणे सुरुवात केली, "आप्पांसारखा पेटीवादक आता हैदराबादेत होणे नाही. त्यांची ती बोटं..."

त्यांच्या मागून सुधीर धापा टाकत आला. हातात भाजीची पिशवी, चेहरा पांढराफटक. खाली कोणीतरी त्याला मिठी मारून "सबर करो" म्हटलं होतं. मला पाहून तो मटकन खाली बसला. "तू आहेस? मला वाटलं, फुंकता फुंकता तूच गेलीस!"

तेवढ्यात बाथरूमचं दार उघडलं आणि पंचा नेसलेले आप्पा बाहेर आले. लक्ष्मीगारू किंचाळल्या. आप्पांनी गर्दी पाहिली, हार पाहिला आणि कानात यंत्र घालून शांतपणे विचारलं, "कोण गेलं?"

शेवटी मीच सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "माझ्या बोटांबद्दल काय म्हणत होतात? यंत्र नव्हतं कानात. पुन्हा म्हणा."

सगळ्यांचा चहा झाला. मी मान वर करत नव्हते. जाताना अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, यंदाही तुम्ही चपलाच बघा." मला रडूच फुटलं. एक सूर लागला होता हो आयुष्यात! तर आप्पा उठून उभे राहिले, पंच्यासकट, कोर्टात उभे राहायचे तसे. "तिच्या शंखाने अख्खी बिल्डिंग जमा झाली. तुमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला कधी एवढी माणसं आलीत? ती वाजवणार. नाहीतर पेटी माझ्या घरी."

आणि मी वाजवला. गणपतीच्या दिवशी, स्टेजवर. सूर स्वच्छ लागला. मी डोळे उघडून समोर पाहिलं. आमच्या बिल्डिंगची सगळी मंडळी आली होती, आणि त्यांतलं एकही माणूस मूर्तीकडे किंवा माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे माना उंचावून पेटीकडे बघत होते. आप्पांनी भात्यावरचा हात काढून वर केला. "आहे, आहे!"

तेव्हापासून तो रिवाजच पडलाय. मी शंख उचलला की आप्पा आधी समोर येऊन बसतात. मोठ्या वादकांना साथीला तबला लागतो, तानपुरा लागतो. मला सासऱ्यांचा वर केलेला हात लागतो.