झऱ्याच्या पायऱ्या कोणी बांधल्या

इयामिडे फॉकनरने आयुष्यात एकदाच कुणावर विश्वास ठेवला, तोही बाप्तिस्म्याच्या वेळी, कारण तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. असं विंडहॅममध्ये म्हणतात आणि ते फारसं खोटं नाही. मासळीवाली डोंगर चढून आली की इयामिडे आँटी आधी माशाचे कल्ले उचलून बघायची आणि मग मासळीवालीचं तोंड. पास्टरने क्षमेवर प्रवचन दिलं की ही घरी येईपर्यंत विचार करायची, याने नक्की काय केलंय?

पण तिला वेडी ठरवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विंडहॅम पूर्वी डोंगरातलं एक गाव होतं. लाकडी फळ्यांची घरं, दगडी चर्च, त्याच्याखाली झरा, आणि दूर पायथ्याशी राजधानीचं शहर फ्रीटाऊन आणि समुद्र. मग शहर डोंगर चढून वर आलं. लाकडी घरांच्या मध्ये सिमेंटच्या भिंती उगवल्या. त्यांच्यामागोमाग गोड बोलणारे लोक आले. ओट्यावर बसायचे, आल्याची बिअर प्यायचे, "ग्रॅनी, तुमचे आजोबा कोण हो? हद्द कुठपर्यंत?" असं मायेनं विचारायचे. मग एके दिवशी कागद आणि बुलडोझर घेऊन हजर. खालच्या वळणावरच्या म्हाताऱ्या टॉमी डेकरचं घर असंच गेलं. आता तो मुलीकडे राहतो आणि कुणाशी बोलत नाही.

आँटीच्या संशयाला आणखी एक मूळ होतं, आणि ते ती कुणाला दाखवत नसे.

झऱ्यापासून चर्चपर्यंत दगडी पायऱ्या आहेत. त्या नव्हत्या तेव्हा पावसाळ्यात बायका डोक्यावर पाणी घेऊन चिखलातून चढायच्या, घसरायच्या, एक तर पोटुशी असताना पडली. इयामिडेच्या बापाने, सॅम्युएल फॉकनरने, खाणीतलं काम संपवून रोज संध्याकाळी एकट्याने दगड घडवले आणि त्या पायऱ्या बांधल्या. रात्री तो भेगाळलेली बोटं कोमट पामतेलात बुडवून बसायचा. पोरगी शेजारी बसून वाटी धरायची. आज सगळं विंडहॅम त्या पायऱ्यांवरून ये-जा करतं, पण त्यांच्यावर कुणाचं नाव नाही. दर शनिवारी आँटी त्या झाडायची आणि बकऱ्या हाकलायची. मरायच्या आधी बापाचं नाव तिथे लागावं, एवढी एकच इच्छा तिला होती.

आणि तेच नाव उच्चारायची तिला भीती होती. सॅम्युएल जन्माने फॉकनर नव्हताच. रेल्वेच्या वरच्या टोकाला, टेमने लोकांच्या मुलखात जन्मलेलं ते पोर. निपुत्रिक मॅमी फॉकनरने त्याला सांभाळायला आणलं. अशी पोरं तेव्हा घरोघरी असायची. भांडी घासायची, पाणी भरायची. कुणाला घरचं आडनाव मिळायचं, घर मात्र क्वचितच. सॅम्युएलला दोन्ही मिळालं. आँटीची आई मरताना म्हणाली होती, "तुझ्या बापाचं मूळ कुणाला सांगू नकोस. मॅमीचे पुतणे खाली शहरात आहेत. रक्त नाही म्हणतील आणि घर काढून घेतील." झाकली मूठ सव्वा लाखाची. आँटीने ती मूठ तीस वर्षं उघडली नव्हती.

तर चर्चला दोनशे वर्षं होणार म्हणून शाळेतल्या मिस विल्हेल्म गावाचा इतिहास गोळा करत फिरू लागल्या. एका सकाळी त्या आँटीच्या ओट्याशी आल्या. चष्मा, हातात फोन, तोंडभर हसू.

"आँटी, जरा बसू का? जुन्या खुणा, मोठी माणसं, कुणी काय बांधलं, एवढंच हवंय. चर्चच्या थँक्सगिव्हिंगला, आभाराच्या प्रार्थनेत, वाचून दाखवायचंय. ज्या घराचं नाव येईल, ते घर उभं राहील."

"हद्द नकोय का?" आँटीने विचारलं.

"कसली हद्द?"

आँटीच्या मनात पाल चुकचुकली. एवढं भोळं कुणी असतं का? तिने त्यांना परवा यायला सांगितलं आणि आल्याची बिअर दिली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने अंगणातल्या आंब्याखाली पाणी ओतलं, कौल लावायला कोलाच्या दोन बिया फोडून चार अर्धुकं हातात घेतली आणि बापाला विचारलं, "पापा, सांगू का या बाईला?" अर्धुकं टाकली. दोन उताणी, दोन पालथी. म्हणजे हो. मेलेला माणूस याहून स्पष्ट काय बोलणार? आँटीने पुन्हा टाकली. पुन्हा तेच. ती उकिडवी बसून बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला वाटलं, कोला शिळा असणार. बाजारातल्या त्या बाईची नजर मला कधीच आवडली नाही. साक्षात बाप हो म्हणतोय आणि ही कोलाच्या बियांवर संशय घेते. हिला काय म्हणावं!

मिस विल्हेल्म आल्या आणि नेमकं तेच विचारलं. "आँटी, त्या झऱ्याच्या पायऱ्या कुणी बांधल्या?"

जिभेवर आलेलं नाव तिने गिळलं. मग तिची नजर पलीकडच्या घरावर गेली. तिथे रेमी कोकर राहायची, तिची बालमैत्रीण आणि कुंपणाच्या भांडणानंतरची वैरीण.

"जोसाया कोकर," आँटी म्हणाली. "रेमीचा आजा. त्यांच्याकडेच चौकशी करा. जमीनही बरीच आहे त्यांची."

खणायचंच असेल तर तिच्या दारात खणा, हा हिशेब. मिस विल्हेल्म आभार मानून गेल्या. आँटीने बापाची वाटी कपाटातून काढून धुतली आणि परत ठेवून दिली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

थँक्सगिव्हिंगच्या रविवारी विंडहॅम नटून आलं. एकेका घराने एकाच कापडाची आशोबी शिवली होती. डेकर हिरव्यात, प्रॅट पिवळ्यात, कोकर जांभळ्यात. फॉकनरांची आशोबी निळी होती आणि ती एकट्या आँटीच्या अंगावर होती. मुलगा परदेशात. एका माणसाचा गणवेश, पण कडक इस्त्रीचा.

मिस विल्हेल्म वाचू लागल्या. पहिली शाळा कुणी काढली, घंटा कुणी आणली, देवीच्या साथीत कुणी सेवा केली. नावामागून नाव येई, आणि एकेका रंगाचं घर उभं राही. लोक टाळ्या वाजवत. मग त्या म्हणाल्या, "झऱ्याच्या पायऱ्या. बांधणारे, जोसाया कोकर. कोकर कुटुंबाने कृपया उभं राहावं."

कुणी उठलं नाही. मग काठीचा आवाज आला आणि रेमी एकटी उभी राहिली. आता ही टोपी सावरून मिरवणार, म्हणून आँटीने डोळे मिटले.

"बाई," रेमी म्हणाली, "माझा आजा शिंपी होता. आयुष्यात त्याने दगड उचलला असेल तो बकरीला मारायला. तोही लागायचा नाही."

चर्च हसलं.

"पायऱ्या आमच्या नाहीत. कुणाच्या, ते ज्याचं त्याने सांगावं." आणि मागे वळून न बघता ती खाली बसली.

हसू विरलं. आँटीच्या हातात पर्स होती आणि पर्समध्ये घराची किल्ली. ती तिने कापडावरून घट्ट धरली. शेवटच्या बाकावर काळा चष्मा लावलेला एक अनोळखी माणूस बसला होता. पुतण्यांचा वकील, दुसरा कोण? गप्प बसलं तर घर राहील. गप्प बसलं तर पापा कुणाचाच राहणार नाही, आणि त्याला बेवारस केलं ते तिनेच, आपल्या तोंडाने. तिला पामतेलाचा वास आला. खरंच आला, असं ती पुढे सांगायची.

निळी आशोबी उभी राहिली.

"सॅम्युएल फॉकनर," ती म्हणाली. "माझा बाप."

इथेच थांबता आलं असतं. मूठ झाकलेलीच राहिली असती. पण एकदा त्याला नाकारल्यावर त्याचं अर्धंच नाव घ्यायला तिची जीभ धजेना.

"फॉकनर त्याला दिलेलं नाव. टेमने मुलखातून आमच्या घरात कामाला आलेलं पोर होतं ते. आईने ठेवलेलं नाव सांतिगी. खोटं मी सांगितलं होतं."

आता गलका होणार म्हणून ती वाट बघत राहिली. काही झालं नाही. कुणीतरी हातपंखा हलवत होतं. म्हातारा टॉमी डेकर, जो कुणाशी बोलत नाही, तो म्हणाला, "आमेन." मागोमाग सगळं चर्च म्हणालं. काळ्या चष्मेवाल्याचा आवाज सगळ्यात मोठा होता. तो पास्टरचा भाऊ निघाला, आठवड्यापूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालेला.

बाहेर पायऱ्यांवर रेमीने तिला गाठलं.

"उतर हळू. बापाने बांधल्यात म्हणून पाय मोडणार नाही असं नाही."

"तू ओरडली नाहीस," आँटी म्हणाली. "कुणीच नाही."

"कशाला ओरडू? सांतिगीचा पहिला शर्ट माझ्या आजानेच शिवला. माप घेताना नाव विचारलं, तेव्हा पोरगं म्हणालं, सांतिगी. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत. सगळ्यांच्याच घरात माहीत."

"मग ते पुतणे..."

"आले होते की. तुझी आई गेली त्याच वर्षी. घरोघर फिरले. सॅम्युएल नक्की कुणाचा मुलगा, म्हणून विचारत होते. माझी आई याच चर्चच्या दारात उभी राहून म्हणाली, मॅमी फॉकनरच्या पोटचा, बाळंतपण मीच केलं. त्याच्याहून आठ वर्षांनी लहान होती ती! डेकर तेच म्हणाला, पास्टर तेच म्हणाला. अख्खा डोंगर खोटं बोलला, इया. ते हात हलवत खाली गेले."

इयामिडे पायरीवर बसली. तीस वर्षं तिने ज्यांच्यापासून दार लावून घेतलं होतं, तेच बाहेरून ते दार राखत होते. ती रडली, नाक निळ्या आशोबीला पुसलं आणि मग, स्वभावच तो, उसळली.

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू विचारलं असतंस," रेमी म्हणाली, "बदल्यात काय हवंय?"

इयामिडेच्या जिभेवर नेमकं तेच आलं होतं.