लाइट आमची, पाणी तुमचं

चकलांब्याच्या पुढं एका गावात माझी उपकेंद्रावर नर्स म्हणून बदली झाली, तेव्हा सरकारी क्वार्टरचं छत खाली आलेलं होतं. नवरा आणि मुलगी बीडला. मी सोमवार ते शनिवार गावात राहायचं ठरवलं आणि शेळ्या पाळणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या अंगणातल्या पुढच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या.

म्हाताऱ्यानं दारात उभ्या उभ्याच व्यवहार केला. "भाडं ठरलं ते ठरलं. लाइट आमची, पाणी तुमचं."

मी हो म्हणाले. लाइट त्यांच्या मीटरवरची, म्हणजे बिल ते भरणार. पाणी माझं, म्हणजे मी वापरीन ते मी बघायचं. एवढं साधं बोलणं कागदावर कशाला घ्यायचं?

थंडीत काही अडलं नाही. दोन दिवसाआड नळ यायचा, अंगणातला सिमेंटचा हौद भरायचा, त्यातलंच ते घ्यायचे, त्यातलंच मी. मार्चात नळ बंद पडला. मी टँकर बोलावला, पैसे दिले, हौद काठोकाठ भरून घेतला आणि शनिवारी बीडला गेले. एकट्या बाईला ते पाणी महिनाभर सहज पुरलं असतं.

सोमवारी झाकण उघडलं तर तळ दिसत होता. हौदाशेजारी शेळ्यांची डोणी भरलेली, भोवती चिखल, आणि तिसेक शेळ्या पोट टम्म फुगवून सावलीत बसलेल्या.

"बाबा, पाणी कुठं गेलं?"

"प्याले की जनावरं. गोठा बी धुतला."

"टँकरचे पैसे मी दिलते."

"मग? ठरलं व्हतं ना, पाणी तुमचं."

"माझं म्हणजे माझ्यापुरतं!"

"असं कुटं बोललो मी? घराचं पाणी म्हनलो. शेळ्या काय घराबाहेरच्या हायत?"

म्हातारी चुलीपुढून उठून आली. "मुक्या जित्राबाच्या तोंडचं पाणी मोजता व्हय, सिस्टर? आन् दवाखान्यात नोकरी करता?"

ते शेवटचं वाक्य मला लागलं. त्या दिवशी मी गेवराईला गेले आणि कुलूप आणलं. दुसरा टँकर बोलावला. हौद भरला की झाकणाची कडी लावली, कुलूप ठोकलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. म्हातारा बाजेवर बसून सगळं बघत होता.

संध्याकाळी माझा पंखा थांबला. गावातली लाइट गेली असेल असं वाटलं. बाहेर आले तर त्यांच्या घरात बल्ब जळत होता.

"बाबा, माझी लाइट?"

"लाइट आमची हाय," तो म्हणाला. "आमची आमाला लागती."

मग सुरू झालं ते अकरा दिवस चाललं. माझ्याकडं पाणी होतं आणि उजेड नव्हता. त्यांच्याकडं उजेड होता आणि पाणी नव्हतं. मी मोबाइल उपकेंद्रात चार्ज करून आणायची, बॅटरीच्या उजेडात भात टाकायची आणि घामानं भिजून झोपायची. म्हातारी सकाळीच शेळ्या हाकत दूरच्या एका विहिरीवर न्यायची. येताना डोक्यावर दोन हंडे. माझ्या दारावरून जाताना ती मुद्दाम मोठ्यानं खोकायची. मी मुद्दाम तेव्हाच दारात बसून बादलीभर पाण्यात कपडे पिळायची. तिचे पाय धुळीनं पांढरे झालेले दिसायचे आणि मला बरं वाटायचं. हे लिहायला नको वाटतं, पण वाटायचं.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अर्धं पाणी दे आणि मोकळी हो."

"कावून देऊ? पैसे मी दिले."

"मग लाइटीचे तू दे."

"ते का मी देऊ? ते भाड्यात आहे."

तो हसला. मी फोन ठेवून दिला.

बाराव्या दिवशी म्हाताऱ्यानं सांगितलं, "सिस्टर, खोल्या मोकळ्या करा. आमाला असली भाडेकरीण नको." मी म्हणाले, मलाही असलं घर नको. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका विधवा बाईची खोली मिळाली. तिथं पहिल्याच दिवशी लाइट कुणाची आणि पाणी कुणाचं ते वहीच्या पानावर लिहून दोघींनी सह्या केल्या.

सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा हौद अर्ध्याहून जास्त भरलेला होता. गादी, गॅस, कपाट, सगळं चढलं. म्हातारी कमरेवर हात ठेवून हौदापाशी उभी राहिली.

"कुलूप काढा आता. का हौद बी टेम्पोत घालून नेता?"

हौद धुण्यासाठी त्याच्या बुडाशी चिंध्या गुंडाळून ठोकलेलं लाकडी बूच होतं. मी वाकले, दगड घेतला आणि बुचावर बाजूनं दोन टोले घातले. ते सुटलं.

पाणी मांडीएवढ्या धारेनं बाहेर आलं. अंगणातून वाहत उकिरड्याकडं निघालं. शेळ्या दाव्यांना हिसके देत ओरडायला लागल्या. म्हातारा धावत आला, गुडघ्यावर बसला आणि दोन्ही तळहात भोकावर दाबून धरले. धोतर भिजलं, तोंडावर पाणी उडालं. जे हाताला लागेल ते भांडं म्हातारी धारेखाली धरत होती, पातेलं, घमेलं, शेवटी कणकेची परात. मी किल्ली ओट्यावर फेकली आणि टेम्पोत बसले.

गल्ली संपल्यावर टेम्पोवाला म्हणाला, "ताई, लई वंगाळ केलं बघा."

"तुला काय माहीत बे," मी म्हणाले. बाईच्या तोंडी तो शब्द ऐकून त्यानं मान वळवून पाहिलं.

टँकरच्या बाबतीत माझंच बरोबर होतं, हे मी आजही म्हणते. शेळ्यांचं पाणी भाडेकरूनं का भरायचं? पण त्या दगडाबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर लसीकरणाच्या दिवशी म्हातारी बाळंतपणानंतर गावी राहायला आलेल्या सुनेला आणि नातवाला घेऊन आली. सून आत आली. म्हातारी बाहेर उन्हात, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी बाळाच्या मांडीत सुई टोचली, ते रडलं. ताप आला तर काय करायचं ते सुनेला सांगितलं, दोनदा सांगितलं, बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. म्हातारीनं वळून पाहिलं नाही. पुढच्या डोसाला सून एकटीच आली.