देलिमाचं न फुललेलं झाड

देलिमा सोल्निए ही माझ्या नवऱ्याची आत्या. आमच्या उपसागराकाठी कायद्याने घरटी गांजाची चार झाडं लावता येतात. आत्या एकच लावते. त्याच्या फुलांचं मलम चोळलं नाही तर हिवाळ्यात तिची बोटं वळत नाहीत, आणि रापूर या आमच्याकडच्या भाजलेल्या पदार्थाचे बटाटे ती दुसऱ्या कुणाला किसू देत नाही.

तिची जात लवकर फुलणारी. ऑगस्ट लागला की कळ्या धरते, धुक्याने फुलं सडायच्या आत कापणी होते. एक फांदी घरात जगवली की पुढच्या वर्षीचं रोप तयार.

यंदा ऑगस्ट संपत आला. झाड कुंपणाच्या वर गेलं होतं, पण नुसता पाला.

माझ्या नवऱ्याने, अन्सेल्मने, झाड पाहिलं, मग शेजारच्या ओदिलचा व्हरांडा पाहिला. ओदिलच्या नवऱ्याची बोट एप्रिलपासून परत आलेली नाही. बोट येईपर्यंत समुद्राकडच्या मागच्या व्हरांड्यातला दिवा रात्रभर जळत ठेवायचा, ही इथली रीत. ओदिलने तो अजून विझवलेला नाही.

"आत्या, लवकर फुलणारं असलं तरी त्याला रात्र काळोखी लागते. इथे रात्र होतेय कुठे?"

"मग?"

"मग सांग तिला."

"तू सांग. तोंड मोठं आहे तुझं."

अन्सेल्मने विषय बदलला. "माझी ऑटो जातीची झाडं बघ. दिवा असो नसो, वय झालं की फुलतात. पुढच्या आठवड्यात कापतोय. निम्मी घे."

"ती टूथब्रशएवढी झाडं? त्यांची फांदी लावली तर ती आईच्याच वयाची. वीतभर वाढते, फुलते आणि मरते. दरवर्षी बी विकत आणत बसा!"

रविवारी आत्या रापूर घेऊन ओदिलकडे गेली आणि तासाभराने परतली.

"सांगितलंत?" मी विचारलं.

"जेवली ती. दोनदा वाढून घेतलं."

सोमवारी तिने करवत मागितली आणि झाड बुडापासून कापलं. दुपारी अन्सेल्मची फुलं पिशवीत भरून घेतली, वर "वास बरा आहे" म्हणाली.

ओदिल कुंपणाशी आली. "काय गं, कापलंस?"

"कीड लागली होती."

"बरं झालं बाई," ओदिल म्हणाली. "दिव्याच्या आड येत होतं. समुद्रावरून दिसला नसता."

"तेच म्हटलं मी," आत्या म्हणाली आणि खुंट उपटायला वाकली.