खिडकीच्या गजाआडची हजेरी

अख्ख्या खामगावात रोज जितकी काळजी पिकते, तिच्यातली निम्मी तरी माझ्या घरमालकीण काकूंच्या परसात निघत असावी. कापसाच्या गाड्या भरून जातात तशा त्यांच्या काळजीच्या गाड्या भरल्या असत्या, तर जिनिंगवाल्यांना दुसरा हंगाम लागला नसता. गॅस बंद केला की नाही, ही साध्या माणसांची काळजी. काकूंची काळजी अशी, की सातभाईंच्या थव्यात आज सहाच का आले आणि सातव्याचं घरात भांडण तर झालं नसेल? मी नोकरीसाठी त्यांच्या वरच्या खोलीत राहायला गेले, त्याच दिवशी त्यांनी मला दोन गोष्टी बजावल्या. जिन्यावरून धावायचं नाही आणि सकाळी परसात शिंकायचं नाही. "शिंक आलीच तं?" मी विचारलं. "मंग आत येऊन शिंक," त्या म्हणाल्या, "माही पोरं उडून जातात."

पोरं म्हणजे पाखरं. काकूंनी सारी नोकरी जानेफळच्या शाळेत केली आणि निवृत्त झाल्यावर परसात दुसरी शाळा भरवली. निंबाला ज्वारीची कणसं टांगलेली, बाटलीत लाकडी चमचे खुपसून दाण्यांची सोय केलेली, भिंतीवर पाण्याचे परळ आणि बुलबुलांसाठी केळ्याच्या चकत्या. त्या फोटो काढायच्या ते मात्र छंद म्हणून नव्हे. ती हजेरी होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत तांब्या ठेवायचा, तांब्याच्या तोंडात फोन उभा करायचा आणि जो येईल त्याला टिपायचं. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक फोटोत खिडकीचा एक गज असतोच. गजाच्या अलीकडे चिमणीची शेपटी, पलीकडे चोच. कधी होल्याची नुसती पाठ, कधी धावत्या मुंगसाचा तपकिरी फराटा. मी एकदा म्हटलं, "काकू, बाहेर बसून काढा ना, किती सुंदर येतील!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गात बोरं खात होते. "सुंदर काऊन पाह्यजे वं? पोरगं जित्तं हाये, एवढं दिसलं की झालं."

मी वाढले ते पत्रकांच्या गठ्ठ्यांवर. वडील कामगारांची पत्रकं लिहीत, मी घड्या घालत असे. पुरावा नसलेलं वाक्य छापायचं नाही, हा आमच्या घरचा एकमेव सोवळेपणा. साहजिकच काकूंच्या परसातही मला अन्याय दिसू लागला. साळुंक्या चिमण्यांना हुसकावतात यावर मी काकूंना दाणेवाटपाच्या धोरणाबद्दल सुनावलं. त्यांनी शांतपणे चिमण्यांसाठी वेगळी बाटली टांगली आणि म्हणाल्या, "झाली क्रांती. आता चहा पी." एका लाल बुडाच्या बुलबुलाचा पाय मागच्या संक्रांतीला नायलॉनच्या मांज्यात तुटला होता. काकू तिला लंगडी म्हणायच्या. कुणालाही तिच्या व्यंगावरून हाक मारणं मला तत्त्वतः अमान्य होतं. बराच वाद झाल्यावर तिचं नाव 'बाई' ठरलं. बाई एका पायावर तोल सावरत केळं खायची आणि ती दिसेपर्यंत काकूंच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. तिची हजेरी लागली की मगच आमच्या घरात सकाळ व्हायची.

हळूहळू ही लागण मलाही झाली. ऑफिसात बसल्या बसल्या मला वाटायचं, बाई आली असेल ना?

संक्रांत जवळ आली तसा काकूंचा जीव टांगणीला लागला. मी नायलॉन मांज्याविरुद्ध जळजळीत पत्रक लिहिलं आणि गल्लीत दारोदार वाटलं. समोरचे गफूरभाई वर्षभर सायकली दुरुस्त करतात आणि जानेवारीत पतंग विकतात. मी पत्रक घेऊन त्यांच्यासमोर तावातावाने उभी राहिले, तेव्हा त्यांनी रीळ माझ्या हातात दिलं. "मॅडम, तोडून पाहा. सुती हाये. नायलॉनचा माल मी दुकानात चढू देत नाही." मी दोरा ओढला, तुटला. "आता या रिळाचे पैसे घेऊ, का पत्रकावर भागवू?" ते हसले आणि पत्रक दुकानाच्या दारावर चिकटवून मोकळे झाले. काकू मात्र मलाच रागावल्या, "भांडत नोको फिरू वं माय. तुले कोणी काही केलं तं मी तुह्या बापाले काय तोंड दाखवू?"

त्यांनी वाणही तसंच दिलं. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला मातीचा परळ आणि ताकीद, "पाणी ठेवजा अन् फोटो धाडजा." एकीने परळात उदबत्ती खोचून फोटो धाडला. काकूंना त्या रात्री झोप नाही.

पण संक्रांतीच्या दिवशी त्यांच्या काळजीने कळस गाठला. गच्चीच्या कठड्यापासून निंबापर्यंत त्यांनी शाळेत नेसायच्या साऱ्या सुती साड्या एकीला एक बांधून ताणल्या. वरून तुटलेला मांजा पडला तरी परसात येऊ नये म्हणून. खाली दाणे, केळी, पाणी अशी जय्यत तयारी. तांब्यात फोन. आणि एकही पाखरू आलं नाही. फडफडणाऱ्या साड्या पाहून चिमण्यासुद्धा फिरकल्या नाहीत. काकूंचा चेहरा उतरत गेला. "सारीच्या सारी गेली का वं? एक बी नाई?" मी म्हटलं, "काकू, साड्यांना घाबरलीत ती." "माह्या साड्यांले? याच साड्या नेसून मी शाळा केली, एक पोरगं कधी घाबरलं नाई!" शेवटी गफूरभाई शिडी घेऊन आले आणि गाठी सोडू लागले. "मास्तरीणबाई, गाठी अशा मारल्या की आता पाखरंच येऊन सोडतील," ते म्हणाले. काकू हसल्या नाहीत.

साड्या उतरल्यावर एकेक जण आला. चिमण्या, होले, सातभाई, खार. बाई आली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. मी निंबावर चढून फांद्यांत अडकलेला मांजा काढला. चकाकणारा, न तुटणारा. कुणाच्या हातचा, ते कुणालाच ठाऊक नाही. काकू खाली उभ्या होत्या. मांजा मुठीत दडवून मी खाली उतरले. तरी रोज सकाळी केळ्याची चकती तिच्या जागेवर ठेवली जायची. न राहवून मी एकदा म्हटलं, "काकू, आता नसेल ती." त्यांनी चकती बोटाने सारखी केली. "हंगामात पोरं शेतात जायची. महिना महिना नाई यायची. म्या कोणाचं नाव नाई कापलं. कापलं की ते येत नाई."

पुढे माझी बदली नागपूरला झाली. निघाले तेव्हा त्या निरोप द्यायला दारात आल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीत होत्या. नंतर फोनवर फोटो आला. ऑटो, माझी अर्धी पाठ आणि मधोमध गज. खाली ताकीद, "पोहोचली की फोटो धाड." तेव्हापासून कामावर जाण्याआधी मी रोज एक फोटो धाडते. केस विंचरलेले असोत वा नसोत.

परवा त्यांच्याकडून एक आला. नेहमीसारखा हललेला. केळ्याची चकती, तिच्यावर काळसर, लाल बुडाचं काहीतरी आणि मधोमध गज. खाली लिहिलं होतं, "पाय एकच हाये का, पाह्य बरं. माह्या डोयाले आता नीट दिसत नाई."

मी फोटो मोठा करत गेले. पार ठिपके होईपर्यंत मोठा केला. पाय गजाआड होते. एक की दोन, काही कळायला मार्ग नव्हता. पुरावा नसलेलं वाक्य लिहायचं नाही, हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक आहे. तिकडे काकूंचा चहा गार होत असणार.

मग लिहिलं, "हजर."