महिपत न्हाव्याची शपथ

कल्याणातल्या तेरा विधवांची डोकी महिपत न्हाव्याला पाठ होती. तोंड मात्र एकीचंही ठाऊक नव्हतं. रीतच तशी होती. महिन्यातून एकदा मागच्या दारानं जायचं, बाई भिंतीकडे तोंड करून बसायची, यानं वस्तरा फिरवायचा आणि आल्या वाटेनं परतायचं. अठराशे ब्याण्णव साली एका सोळा वर्षांच्या पोरीचे केस त्यानं असेच उतरवले. ती रडली नाही, नुसती थरथरत राहिली. घरी येऊन त्यानं बायकोला, लक्ष्मीला, सांगितलं की आता पुरे. मग जातभाई गोळा केले आणि विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, अशी देवळात सगळ्यांना शपथ घ्यायला लावली.

गावातल्या शहाण्यासुरत्यांचं पित्त खवळलं. धर्म बुडाला म्हणे. इतके दिवस तो बायकांच्या केसांवाचून तरंगत होता, हे आम्हाला तेव्हाच कळलं. दोन महिन्यांनी शहाडहून येताना चौघांनी महिपतला काठ्यांनी बडवलं. जीव वाचला, उजवं मनगट मोडलं.

त्याबरोबर उमेदही गेली. ज्यांच्यासाठी मार खाल्ला त्यांनी कुठं काही मागितलं होतं, असं तो पडल्या पडल्या म्हणायचा. जातभाईही कच खायला लागलेले. सोमवारी सगळ्यांना बोलावून शपथ सोडायची, असं त्यानं ठरवलं.

रविवारी भर दुपारी विधवेच्या तांबड्या आलवणातली एक म्हातारी दारात उभी राहिली. आता शिव्यांची लाखोली ऐकायची, असं समजून महिपतनं आतूनच कळवलं की उद्यापासून सगळं पहिल्यासारखं होईल. म्हातारी त्याच्याकडे पाठ करून बसली आणि तिनं डोईवरचा पदर खाली घेतला. पेरभर वाढलेले पांढरे केस, आणि उजव्या कानामागे जुना व्रण. वीस वर्षं त्याचा वस्तरा त्या व्रणाला वळसा घालत आला होता.

"फडक्यांच्या आवडाकाकू?"

तेव्हा ती वळली. गोल, खट्याळ चेहरा, पुढचे दोन दात पडलेले.

"चाळीस वर्षं फणी हातात धरली नाही," ती म्हणाली. "आता लागेल, की आणखी वाढू द्यायचे? तुझ्याशिवाय विचारणार कुणाला?"

दुखऱ्या बरगड्या धरून महिपत पोटभर हसला. आणखी महिनाभर थांबा, म्हणाला.

सोमवारी जातभाई जमले. कुणी विषय काढायच्या आत, गळ्यात हात बांधलेला महिपत उभा राहिला.

"ठाण्याचे न्हावी अजून वस्तरा लावतात. उद्या माझ्यासंगं कोण कोण येतंय?"